मुळांवरील गाठी आणि मेलॉयडोगायनी : एका भूमिगत कृमीची ओळख

कर्नाटकातील म्हैसूरच्या दक्षिणेस कपिला म्हणजेच कबिनी नदीच्या काठी वसलेले नंजनगूड हे श्रीकंठेश्वराचे क्षेत्र म्हणून सर्वपरिचित आहे. कन्नड भाषेत ‘नंजु’ म्हणजे विष. ते पचवणारा तो नंजुंडेश्वर. याच परिसरात पिकणाऱ्या ‘रसबाळे’ या केळीने गावाचे नाव दूरवर नेले. विशिष्ट सुगंध आणि गोडी लाभलेल्या या केळीला २००५-०६ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. मात्र कायद्याचे संरक्षण मिळेपर्यंत बागांची संख्या झपाट्याने घटली होती. फ्युजेरियम या जमिनीतील बुरशीमुळे होणाऱ्या ‘पनामा’ मर रोगाला हे वाण सहज बळी पडते. रसबाळेची लागवड आक्रसण्यामागे हा रोग प्रमुख कारण ठरला.

रसबाळेच्या या कथेतून एक गोष्ट स्पष्ट होते. पिकाचे भवितव्य अनेकदा जमिनीखाली, नजरेआड ठरत असते. तेथे बुरशीच्या जोडीला आणखी एक शत्रू वावरतो, तो म्हणजे सूत्रकृमी. मुळांत शिरताना आणि तेथे पोसताना सूत्रकृमी बुरशीला अनुकूल स्थिती निर्माण करून देतो, हे निरीक्षण जुने आहे. अमेरिकेतील अलाबामा येथे अ‍ॅटकिन्सन यांनी १८९२ मध्येच नोंदवले होते की, मुळांवर गाठी असलेल्या कपाशीत मर रोग अधिक तीव्र होतो. केळी, तुती, भात, हळद, तंबाखू, टोमॅटो, वांगी अशी म्हैसूर आणि शेजारच्या जिल्ह्यांत होणारी कितीतरी पिके सूत्रकृमींच्या एकाच प्रजातीला आश्रय देतात. त्या प्रजातीचे शास्त्रीय नाव आहे मेलॉयडोगायनी. मराठी शेतकरी तिला ‘मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी’ म्हणून ओळखतो. सांगली-सातारा भागातील हळद-आले, सोलापूरचे डाळिंब, नाशिकची द्राक्षे आणि भाजीपाल्याची शेडनेट-हरितगृहे यांनाही तिचा उपद्रव होत असल्याने हा विषय महाराष्ट्रालाही तितकाच जवळचा आहे.

देशपातळीवरील हानीचे अनुमान विचार करायला लावणारे आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखिल भारतीय समन्वित सूत्रकृमी संशोधन प्रकल्पातील शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार वनस्पतिपरजीवी सूत्रकृमींमुळे देशातील पिकांचे सरासरी २१.३ टक्के नुकसान होते. त्याचे मूल्य वर्षाला सुमारे १०,२०० कोटी रुपये भरते. या हानीत मेलॉयडोगायनीचा वाटा मोठा आहे.

नाव आणि पूर्वेतिहास

ग्रीक भाषेतील ‘फळासारख्या आकाराची’ आणि ‘स्त्री’ या अर्थांच्या शब्दांपासून मेलॉयडोगायनी हे नाव बनले आहे. पूर्ण वाढलेली मादी फुगून सफरचंद किंवा भोपळ्यासारखी गोलसर होते, म्हणून हे नाव. मुळांवरील अशा गाठींचे पहिले शास्त्रीय वर्णन इंग्लंडमध्ये बर्कली यांनी १८५५ मध्ये हरितगृहातील काकडीवर केले. ब्राझीलमध्ये कॉफीच्या मळ्यांवर आलेल्या संकटाचा अभ्यास करताना गोल्डी यांनी १८८७ मध्ये मेलॉयडोगायनी ही प्रजाती प्रस्थापित केली आणि कॉफीवरील जातीला ‘एक्झिग्वा’ हे नाव दिले.

भारतातील पहिली नोंद नंजनगूडपासून फार दूरची नाही. नंजनगूडहून दक्षिणेस गुंडलुपेट आणि बंदीपूरच्या अरण्यातून जाणारा रस्ता निलगिरीतील गुडलूरला पोहोचतो. गुडलूरजवळच्या देवाला येथील चहाच्या मळ्यात बार्बर यांना हा कृमी आढळला आणि १९०१ मध्ये त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. भारतातील वनस्पतिपरजीवी सूत्रकृमींच्या अभ्यासाचा आरंभ बहुधा येथूनच मानला जातो.

या प्रजातीतील सर्वाधिक उपद्रवी जातीचे नाव आहे ‘इनकॉग्निटा’, म्हणजे ‘अज्ञात’. या नावामागे चुकीच्या ओळखीची एक उद्बोधक कथा आहे. अमेरिकी सैनिकांच्या विष्ठेच्या तपासणीत काही अनोळखी अंडी आढळली. ती माणसाच्या आतड्यातील नव्या कृमीची असावीत, असे समजून कोफॉइड आणि व्हाइट यांनी १९१९ मध्ये त्यांना ‘ऑक्सियुरिस इनकॉग्निटा’ असे नाव दिले. पुढे १९२३ मध्ये सँडग्राउंड यांनी दाखवून दिले की, ती मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीची अंडी होती. भाजीसोबत पोटात जाऊन ती न पचता बाहेर पडत होती. माणसाच्या दृष्टीने ती पूर्णपणे निरुपद्रवी. वर्गीकरणाच्या नियमांनुसार मात्र ‘इनकॉग्निटा’ हे जातिनाम कायम राहिले.

वर्गीकरणातील स्थान

प्राणिसृष्टीत सूत्रकृमींचा स्वतंत्र संघ आहे. त्याला नेमॅटोडा म्हणतात. जमीन, गोडे पाणी, समुद्र, प्राणी आणि वनस्पती अशा सर्व ठिकाणी या संघाचे सदस्य आढळतात. जमिनीतील बहुसंख्य सूत्रकृमी जिवाणू, बुरशी किंवा इतर सूक्ष्म जीव खाऊन जगतात. सेंद्रिय पदार्थ कुजण्याच्या आणि अन्नद्रव्ये मोकळी होण्याच्या क्रियेत त्यांची मदतच होते. सर्वच सूत्रकृमी शत्रू आहेत, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

मेलॉयडोगायनीचा समावेश आज रॅब्डिटिडा गणात आणि मेलॉयडोगायनिडी कुलात केला जातो. जुन्या ग्रंथांत हा गण ‘टायलेंकिडा’ या नावाने आढळतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुळांवर गाठी करणारे सर्व सूत्रकृमी ‘हेटेरोडेरा मॅरिओनी’ या एकाच नावाखाली मोडत. १९४९ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ चिटवुड यांनी हा गोंधळ दूर केला. हेटेरोडेरा प्रजातीत मादीचे शरीर मेल्यानंतर टणक कोशात रूपांतरित होते आणि अंडी त्या कोशात सुरक्षित राहतात. मेलॉयडोगायनीत मादीची त्वचा मऊच राहते, कोश बनत नाही आणि अंडी शरीराबाहेरील चिकट पुंजक्यात घातली जातात. अशा फरकांच्या आधारे चिटवुड यांनी गोल्डींची प्रजाती पुन्हा स्वतंत्र केली आणि तिच्यात एक्झिग्वा, इनकॉग्निटा, जावानिका, अरेनेरिया व हापला या पाच जाती मानल्या. आज या प्रजातीतील ज्ञात जातींची संख्या शंभराच्या आसपास पोहोचली आहे. पिकांचे सर्वाधिक नुकसान मात्र त्यांतील मोजक्याच जाती करतात.

पिल्लाची शरीररचना

सूत्रकृमीचे शरीर म्हणजे स्थूलमानाने एका नळीत बसवलेली दुसरी नळी. बाहेरची नळी त्वचेची आणि आतली अन्नमार्गाची. श्वसनेंद्रिये नाहीत, रक्ताभिसरणसंस्था नाही. शरीराच्या भिंतीत केवळ लांबीच्या दिशेने जाणारे स्नायू असतात. त्यामुळे कृमी नागमोडी वळणे घेत, मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून सरकतो.

मेलॉयडोगायनीचे पिल्लू अंड्यातच पहिली कात टाकते आणि दुसऱ्या अवस्थेत बाहेर येते. मुळात शिरू शकणारी अवस्था हीच. तिची लांबी साधारण ०.४ मिलिमीटर, तर जाडी सुमारे ०.०१५ मिलिमीटर असते. साध्या डोळ्यांना ती दिसत नाही. तोंडात पोकळ सुईसारखी शूकिका असते. तिची लांबी सुमारे ०.०१ मिलिमीटर आणि तळाशी तीन गोळे. या गोळ्यांना जोडलेले स्नायू शूकिका पुढे-मागे करतात. शूकिकेच्या मागे ग्रसिका असते. तिच्या मध्यभागी झडप असलेला स्नायुमय फुगवटा असून तो पंपाप्रमाणे काम करतो. त्यामागे तीन ग्रंथी असतात, एक पृष्ठभागाकडील आणि दोन अधरभागाकडील. या ग्रंथींतील स्राव शूकिकेवाटे वनस्पतीच्या पेशीत सोडले जातात. डोक्यावरील अ‍ॅम्फिड नावाची ज्ञानेंद्रिये रासायनिक संकेत टिपतात आणि पिल्लू मुळांच्या दिशेने सरकते.

मुळाच्या टोकामागील कोवळ्या भागातून पिल्लू आत शिरते. पेशी न फोडता, त्यांच्यामधील जागेतून ते वाट काढते. पेशीभित्तिका विरघळवणारी विकरे त्याला यात साहाय्यभूत ठरतात. मेलॉयडोगायनी इनकॉग्निटाचा संपूर्ण जनुकसंच २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा विकरांची अनेक जनुके मुळात जिवाणूंकडून या कृमीकडे आली असावीत, असे त्यावरून दिसून आले.

मादीचे रूपांतर

मुळातील वाहक ऊतींपाशी पोहोचले की पिल्लू एका जागी स्थिर होते आणि आपल्या डोक्याभोवतीच्या काही निवडक पेशींत स्राव सोडते. या पेशींची केंद्रके पुनःपुन्हा विभागतात, पण पेशी मात्र विभागत नाहीत. परिणामी कित्येक केंद्रके असलेल्या अवाढव्य ‘महापेशी’ तयार होतात. झाडाने पाने आणि फळांसाठी बनवलेले अन्न या पेशींकडे वळते व कृमीच्या तोंडी पडते. भोवतालच्या पेशीही वाढतात, त्यांची संख्या फुगते आणि मुळावर गाठ दिसू लागते. गाठ म्हणजे कृमी नव्हे. कृमीने झाडाकडून बांधून घेतलेले ते घर आहे.

या घरात पिल्लू जाड होते आणि आणखी तीन वेळा कात टाकते. तिसऱ्या व चौथ्या अवस्थेत त्याला शूकिका नसते, त्यामुळे ते अन्नही घेत नाही. शेवटच्या कातीनंतर मादी मोत्यासारखी पांढरी, मडक्याच्या आकाराची होते. तिची लांबी साधारण अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या दरम्यान असते. मानेचा भाग मुळाच्या आत रुतलेला, मागचा भाग मुळाच्या पृष्ठभागाकडे. शेपटी नाहीशी झालेली असते. शरीराची बहुतेक पोकळी दोन लांब, वेटोळी अंडाशये व्यापून टाकतात. गुदद्वाराजवळील सहा ग्रंथींतून चिकट पदार्थ स्रवतो व त्यात मादी काही शे अंडी घालते. हे आवरण अंड्यांचे कोरडेपणापासून रक्षण करते.

नर मात्र शेवटपर्यंत दोऱ्यासारखाच राहतो, एक मिलिमीटरहून अधिक लांब वाढतो आणि मूळ सोडून जमिनीत जातो. इनकॉग्निटा, जावानिका आणि अरेनेरिया या जातींत संततीसाठी नराची आवश्यकता नसते. अनिषेकजननाने मादी एकटीच वंश वाढवते. मुळांत गर्दी झाली किंवा अन्न कमी पडले की अधिक पिल्ले नर बनतात आणि पुढच्या पिढीचा भार आपोआप हलका होतो. सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमानात ही साखळी साधारण चार आठवड्यांत पूर्ण होते. म्हणजे एका हंगामात अनेक पिढ्या होतात.

जाती कशी ओळखतात?

गाठ दिसली की प्रजाती कळते. जाती मात्र त्यावरून निश्चित होत नाही. त्यासाठी मादीच्या शरीराचा मागचा भाग उपयोगी पडतो. योनिद्वार आणि गुदद्वार यांच्याभोवती त्वचेवर बारीक रेषांची एक आकृती असते. माणसाच्या बोटाच्या ठशाशी तिची तुलना करता येईल. प्रयोगशाळेत गाठ फोडून मादी अलग काढतात, लॅक्टिक आम्लात तिचा मागचा भाग कापून स्वच्छ करतात, ग्लिसरिनमध्ये काचपट्टीवर बसवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. इनकॉग्निटात आकृतीची वरची कमान उंच आणि चौकोनी असते. जावानिकात दोन्ही बाजूंना स्पष्ट रेषा असून त्या वरचा व खालचा भाग वेगळा करतात. अरेनेरियात कमान बसकी आणि गोलसर, तर हापलात शेपटीच्या जागी बारीक ठिपके दिसतात. एकाच मुळात दोन जाती एकत्र नांदत असू शकतात, म्हणून एका मादीवरून निष्कर्ष न काढता अनेक माद्या तपासाव्या लागतात.

केवळ आकृतीवर विसंबणे पुरेसे नाही, हे १९८३ मध्ये वर्णन झालेल्या ‘एंटेरोलोबी’ या जातीने दाखवून दिले. चीनच्या हैनान बेटावर सापडलेल्या या जातीची आकृती इनकॉग्निटाशी मिळतीजुळती असल्याने दोहोंत गल्लत होऊ शकते. तमिळनाडूतील पेरूच्या बागांत तिच्या प्रादुर्भावाची नोंद २०१६ मध्ये झाली. अशा वेळी विकरांच्या नमुन्यांची आणि डीएनएची चाचणी निर्णायक ठरते.

एका जातीच्या आतही भेद असतात. १९७५ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय मेलॉयडोगायनी प्रकल्पात तंबाखू, कपाशी, मिरची, कलिंगड, भुईमूग आणि टोमॅटो यांच्या ठरावीक वाणांवर कृमी वाढवून पाहण्याची पद्धत रूढ झाली. या चाचणीत इनकॉग्निटाचे चार प्रकार ठरतात. पहिला प्रकार चाचणीतील तंबाखू आणि कपाशी या दोन्हींवर वाढत नाही, दुसरा केवळ तंबाखूवर वाढतो, तिसरा केवळ कपाशीवर आणि चौथा दोन्हींवर.

ओळख चुकली तर?

शास्त्रज्ञांच्या या काटेकोरपणाचा शेतकऱ्याला काय उपयोग, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर पीक फेरपालटात सापडते. इनकॉग्निटाग्रस्त जमिनीत भुईमूग घेतला तर कृमीची उपासमार होते. त्याच जमिनीत अरेनेरियाचा भुईमुगावर वाढणारा प्रकार असेल, तर तोच भुईमूग त्याचे पोषण करतो. इनकॉग्निटाच्या बंदोबस्तासाठी तृणधान्यांची फेरपालट सुचवली जाते. मात्र ‘ग्रॅमिनिकोला’ ही जात गवतवर्गीय पिकांवरच पोसते आणि भात हे तिचे आवडते खाद्य. नंजनगूडच्या शेजारच्या मंड्या जिल्ह्यात २००१ मध्ये भाताच्या शेतांत तिचा मोठा उद्रेक झाला होता. तिच्यामुळे मुळांच्या टोकाशी आकड्यासारखी वळलेली गाठ येते आणि अंडी मुळाच्या आतच राहतात. शेतात पाणी साचवून ठेवल्यास तिचा मुळांत होणारा प्रवेश कमी होतो, तर पाणी आलटून-पालटून देण्याच्या पद्धतीत तिला वाव मिळतो. थोडक्यात, एका जातीवरचे औषध दुसऱ्या जातीचे खाद्य ठरू शकते.

रोगप्रतिकारक वाणांचेही तसेच आहे. टोमॅटोच्या जंगली नातेवाइकाकडून आलेले ‘एमआय’ हे जनुक इनकॉग्निटा, जावानिका आणि अरेनेरिया यांना रोखते. हापला आणि एंटेरोलोबी यांच्यापुढे ते निष्प्रभ ठरते. जमिनीचे तापमान २८ अंशांच्या वर गेले की त्याचा प्रभावही ओसरतो.

ओळखीतील पहिली चूक मात्र शेतातच होते. रोप पिवळे पडते, दुपारी माना टाकते, वाढ खुंटते. खत किंवा पाणी कमी पडले असे समजून दोन्हींची मात्रा वाढवली जाते. खर्च वाढतो, मुळांतील गाठी मात्र तशाच राहतात. कडधान्यांच्या मुळांवरील रायझोबियमच्या उपकारक गाठींशीही त्यांची गल्लत होते. फरक ओळखणे सोपे आहे. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, बोटाने सहज सुटते आणि आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते. ते तोडल्याशिवाय गाठ सुटत नाही. केळीच्या बागेत तर आणखी एक पायरी आहे. मुळांत लालसर-तपकिरी कुजके चट्टे असतील तर ‘रॅडोफोलस’ किंवा ‘प्रॅटिलेंकस’ या वेगळ्या प्रजातींचा संशय घ्यावा लागतो. गाठी असतील तरच मेलॉयडोगायनीचा.

व्यवस्थापनाची दिशा

एकेकाळी सूत्रकृमींवर दाणेदार विषारी औषधांचा सर्रास वापर होत असे. फोरेट या त्यांपैकी प्रमुख औषधावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. ‘कोणतीही जात असो, औषध एकच’ हा सोपा मार्ग आता बंद होत चालला आहे आणि नेमक्या ओळखीचे मोल वाढले आहे.

उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू देणे, रोपवाटिकेची माती पारदर्शक प्लॅस्टिकखाली तापवणे, निंबोळी पेंड आणि शेणखत देणे, मुख्य पिकात किंवा फेरपालटीत झेंडू घेणे हे उपाय सर्वत्र उपयुक्त आहेत. झेंडूच्या मुळांतील अल्फा-टर्थिएनिल हे द्रव्य सूत्रकृमींना मारक असते. केळीचे कंद लावण्यापूर्वी त्यांवरील मुळे व काळपट भाग तासून काढावा, कंद ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २० मिनिटे बुडवावेत, अशी शिफारस आहे. मादीला आणि अंड्यांना ग्रासणाऱ्या पर्प्युरिओसिलियम लिलासिनम आणि पोकोनिया क्लॅमिडोस्पोरिया या बुरशीही उपयोगी पडतात. तुती हे वर्षानुवर्षे जमिनीत राहणारे पीक आणि तिची पाने रेशीमकिड्यांचे अन्न. त्यामुळे तेथे विषारी औषधांना मर्यादा पडतात. अशा पिकांत जैविक नियंत्रणाला विशेष महत्त्व आहे. म्हैसूर येथील केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने या दिशेने काम केले आहे.

नवीन लागवडीत रोगमुक्त रोपांइतकी प्रभावी गोष्ट दुसरी नाही. रोपवाटिकेतील पिशवीतल्या मातीसोबत आलेला कृमी बागेत एकदा स्थिरावला की त्याचे समूळ उच्चाटन जवळपास अशक्य असते. रोपे विकत घेताना एक-दोन रोपांची मुळे धुऊन पाहण्यास काही खर्च येत नाही.

नंजनगूड तालुक्यातील सुत्तूर येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. महाराष्ट्रात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमी संशोधनाची सोय आहे. शेतकऱ्याने आपल्या भागातील अशा केंद्राकडे मुळांसह ओलसर मातीचा नमुना न्यावा. माती-परीक्षणात नत्र-स्फुरद-पालाश जसे पाहिले जाते, तशी सूत्रकृमींची तपासणीही नियमित व्हायला हवी. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली रेषांचा ठसा वाचू शकणारे प्रशिक्षित डोळे लागतात. वर्गीकरणाचा अभ्यास करणारे विद्यार्थी घडवणे हीसुद्धा शेतीतील गुंतवणूकच आहे.

गेल्या शतकाच्या आरंभी एका जातीला ‘अज्ञात’ असे नाव मिळाले, ते ओळख चुकल्यामुळे. शंभर वर्षांनंतर शास्त्राच्या दृष्टीने ती अज्ञात राहिलेली नाही. बांधावरच्या शेतकऱ्यापर्यंत ही ओळख पोहोचली, तर रसबाळेसारख्या वाणांच्या मुळांवर चालून येणाऱ्या संकटांपैकी निदान एकाला वेळीच अटकाव करता येईल.